वाईट बातमी बसून सांगायची

गाडी सुरू करण्याआधी सुहास अमोलिक डोळे मिटायचा. चावी लावलेली, पट्टा बांधलेला, दोन्ही हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला आणि ओठ जरासे हलताहेत. सूसच्या आमच्या सोसायटीतून हिंजवडीला आम्ही तिघं त्याच्या गाडीतून जायचो. तो, मी आणि मागच्या सीटवर नागपूरची नेहा. तिघंही एकाच कंपनीत. मी परभणीचा, देवधर्माच्या बाबतीत बराचसा उदासीन, तरी त्याचं होईपर्यंत गप्प बसायचो. मग तो डोळे उघडून म्हणायचा, "चला, आमेन." आणि गाडी निघायची.

त्या सकाळी मी खाली आलो तेव्हा तो डोळे मिटून बसला होता. मी शेजारी बसलो, हळूच दार लावलं. नेहा आली, तिनंही आवाज न करता दार ओढून घेतलं. आम्ही थांबलो. तिनं मोबाईल काढला. समोरच्या भिंतीवर कुणीतरी पान खाऊन थुंकलं होतं, ते बघत मी मनातल्या मनात चेअरमनला शिव्या घालत होतो. मागून पाण्याच्या टँकरनं हॉर्न दिला. "आज लांबली वाटतं," नेहा हळूच म्हणाली. मी म्हणालो, "साहेब, आमेन." आणि त्याच्या खांद्याला हात लावला.

पुढचं मला नीट क्रमानं आठवत नाही. सोसायटीतले डॉक्टर बनियनवरच धावत आले, त्यांनी त्याला खाली निजवून छाती दाबून पाहिली, मग हॉस्पिटलची गाडी आली. नंतर डॉक्टर मला म्हणाले, तुम्ही गाडीत बसलात त्याच्या आधीच सगळं संपलं होतं, कुणालाच काही करता आलं नसतं. त्यांचं खरं असेल. पण मी त्याच्या शेजारी बसलो होतो. तो प्रार्थना करतोय असं समजून अदबीनं गप्प बसलो होतो. हे माझ्या डोक्यात अजून शिरत नाही. आजही सकाळी जिना उतरताना माझी नजर त्या पार्किंगकडे जाते आणि मी दोन पायऱ्या वर थबकतो.

सुहास नगरकडचा. सावळा, बुटका, पोट जरा सुटलेलं, केसांना भरपूर खोबरेल. पन्नाशी जेमतेम गाठलेली. ऑफिसात टीम लीड आणि चर्चमध्ये 'वडील', म्हणजे पाळकांच्या जोडीनं मंडळीचा कारभार बघणारा जाणता माणूस. दोन्हीकडे त्याला मान होता आणि दोन्हीकडे लोक त्याला कंटाळलेले होते. कारण सुहासला घाई हा प्रकारच ठाऊक नव्हता. गाडी अशी चालवायचा की नांद्याच्या रस्त्यावर दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटरसायकलीही आम्हाला मागं टाकून जायच्या. एसी लावायचा नाही, "हवा आहे की बाहेर." आणि त्या हवेत, सिमेंटच्या मिक्सरची धूळ खात, तो गाणी म्हणायचा. त्याचा गळा देवानं दिला असेल तर देवानं तो परत मागून घ्यायला हवा होता. मी तसं त्याला तोंडावर सांगितलं होतं. तो म्हणाला, "मंडळीत पण मला मागं उभं करतात, देशमुखसाहेब. तुम्ही एकटेच नाही."

एकदा मी विचारलं, "रोज डोळे मिटून इतकं काय मागतोस रे?"

"तुमच्यासाठीच मागतो. पुढचं चांदं गाव येईपर्यंत तरी देशमुखसाहेबांच्या तोंडून शिवी निघू नये."

ती प्रार्थना एकदाही ऐकली गेली नाही. त्या रस्त्यावर टँकरवाले आहेत तोवर ऐकली जाणारही नाही.

त्याची एक पद्धत होती, आणि ती सबंध ऑफिसला माहीत होती. वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही. फोनवर नाही, मेसेजवर तर नाहीच. आधी खुर्ची ओढायची, माणसाच्या शेजारी बसायचं, समोर नाही, शेजारी. मग सांगायचं, आणि सांगून झाल्यावर लगेच उठायचं नाही. "सांगणारा उठून गेला की ऐकणारा एकटा पडतो," असं त्याचं म्हणणं. कंपनीनं माणसं कमी केली तेव्हा वरून हुकूम होता की ज्याला त्याला ईमेल जाईल, लीडनी मध्ये पडू नये. सुहासनं ऐकलं नाही. ईमेल यायच्या आत तो आपल्या टीममधल्या एकेकाकडे खुर्ची घेऊन गेला. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर खुर्चीच्या चाकांचा आवाज आला की माणसं श्वास रोखून बसायची. त्यातच एका दुपारी तो खुर्ची ढकलत नेहाकडे गेला. ती बिचारी पांढरी पडली. तर ह्यानं सांगितलं काय, की तिनं रात्री पाठवलेल्या कामात एक चूक सापडली आहे. नेहानं फाइल उचलून त्याच्या हातावर मारली. तेव्हापासून साधंसुधं काही सांगायचं असलं की सुहास मुद्दाम लांब उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडून सांगायचा.

खरं बोलायची त्याची खोड मात्र साधीसुधी नव्हती. एकदा आमच्याकडून गिऱ्हाईकाची सगळी यंत्रणा अर्धा दिवस बंद पडली. मॅनेजर म्हणाला, नेटवर्कचा घोळ झाला असं सांगू, तोवर दुरुस्त होईल. मीटिंग सुरू झाली, पडद्यावर परदेशातले सहा चेहरे, आणि सुहास शांतपणे म्हणाला की चूक आमची आहे, माझ्या टीमची आहे, अशी अशी झाली. मॅनेजरनं डोक्याला हात लावला. परत येताना गाडीत मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "तुझ्या खरेपणानं कुणाचं पोट भरतं का? नेटवर्क म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "मग त्यांनी चार दिवस नेटवर्क तपासलं असतं." त्या वर्षी त्याचं प्रमोशन हुकलं. खरं बोलण्याची बक्षिसं फक्त गोष्टीतल्या लाकूडतोड्याला मिळतात, हे मी त्याला ऐकवलंही. तो हसला आणि गाणं म्हणायला लागला, म्हणजे मला दुहेरी शिक्षा.

त्याच्या मंडळीतली एक म्हातारी, सोनाबाई, पौडच्या पलीकडे माले गावात राहायची. तिचा मुलगा हिंजवडीत एका टेंपोवर कामाला. एका रविवारी त्या पोराचा पाय टेंपोखाली आला. आईच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथं कळवता आलं असतं. सुहास निघाला आणि सोबतीला मला घेऊन गेला. सोनाबाई चुलीपुढं बसली होती. हा गेला आणि तिच्या शेजारी शेणानं सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसला. पँट इस्त्रीची. म्हातारीनं त्याच्याकडे एकदा बघितलं.

"तुमी असं बसला म्हंजी कायतरी वंगाळ हाय," ती म्हणाली. "सांगून टाका."

त्यानं सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"जित्ता हाय न्हवं?"

"आहे. पाय मोडलाय. शुद्धीवर आहे."

"मंग उठा की. हितं बसून काय व्हतंय? चला, मी बी येती."

आम्ही दोघं उठायच्या आत ती गाडीपाशी जाऊन उभी होती. सुहास मला म्हणाला, "बघितलंत? नुसता फोन आला असता तर ही बाई रस्त्यानं पळत सुटली असती." मी म्हणालो, "फोन आला असता तर एव्हाना पोचलीही असती." ते त्याला पटलं नाही.

घरच्यांवर त्याचा जीव होता, आणि तो जीव फार क्षुल्लक गोष्टींतून दिसायचा. दुपारी डबा खाऊन झाला की सुनीता वहिनींना फोन करायचा आणि भाजीत मीठ बरोबर होतं एवढंच सांगून ठेवायचा. मुलगी एस्तेर इंजिनिअरिंगला. तिला गाडी शिकवायला तो रविवारी संध्याकाळी कासारसाईच्या धरणाकडे न्यायचा आणि पोरीनं गाडी दगडावर घातली तरी पुढच्या बंपरला, "लागलं का रे?" असं विचारायचा. नाताळला आमच्या घरी करंज्यांचा डबा यायचा, त्यातल्या वेड्यावाकड्या करंज्या ह्याच्या हातच्या. हे तो अभिमानानं सांगायचा.

आणि आप्पा. सुहासचे वडील, मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. आई गेल्यावर सुहासनं त्यांना सूसला आणलं, आणि इथं आल्यावर त्यांची आठवण हळूहळू विरत गेली. रविवारी चर्चला जाण्याआधी सुहास गॅलरीत त्यांना खुर्चीवर बसवून दाढी करून द्यायचा. कंपनीनं ह्याला दोनदा काही महिने अमेरिकेला पाठवलं, आमच्या भाषेत ऑनसाइट. तेव्हा तो तिथल्या सकाळी उठून इथल्या संध्याकाळी व्हिडिओवर यायचा आणि बापलेक मिळून प्रार्थना करायचे. आप्पा जेवले की नाही हे विसरायचे, पण त्या फोनची वेळ कधी विसरले नाहीत.

आप्पा अधूनमधून विचारायचे, "तुझी आई कुठे गेली रे?" मी एकदा तिथंच होतो. सुहासनं हातातला चहा ठेवला, खुर्ची ओढली, त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "आप्पा, आई वारली." म्हाताऱ्याचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना ते पहिल्यांदाच कळत होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मग त्यांनी विचारलं, "मी होतो का तिथं?"

"होतात आप्पा. पहिली माती तुम्हीच दिलीत."

"दिली ना मी?"

"दिलीत. मी शेजारी उभा होतो."

मग हळूहळू त्यांचा श्वास खाली बसला. थोड्या वेळानं ते चहा कुठाय म्हणून विचारायला लागले.

मी त्याला जिन्यात गाठलं. "अरे, हा काय छळ आहे? त्यांना रोज नव्यानं रडवतोस. बाजारात गेलीय म्हणून सांग की. पाच मिनिटांत विसरतात ते."

"मग ते वाट बघतात," सुहास म्हणाला. "मी एकदा तसं सांगून बघितलं. आई कुठे गेली ते विसरले, पण वाट बघायचं विसरले नाहीत. रात्रीपर्यंत दारात उभे होते. रडतात ते बरं, रडणं संपतं."

मी तो हट्टी आहे असं म्हणून विषय संपवला.

तर त्या सकाळी सुहासला हॉस्पिटलच्या गाडीत घातलं, नेहा त्याच्याबरोबर गेली, आणि वर जाऊन सांगायचं माझ्यावर आलं. वहिनींनी दार उघडलं. हाताला कणीक. डायनिंग टेबलाशी खुर्ची होती, ती मी ओढली. का ओढली ते मला आजही सांगता येणार नाही. फरशीवर आवाज झाला. वहिनी त्या खुर्चीकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "भाऊजी, बसू नका."

मी बसलो.

सुहासची बहीण मस्कतहून निघाली होती, म्हणून दफन दुसऱ्या दिवसावर ठेवलं. घर माणसांनी भरलं. मंडळीतली, ऑफिसातली, गावाकडची. आप्पांना एका खोलीत बसवलं होतं आणि सगळ्यांपुढं एकच प्रश्न होता, की म्हाताऱ्याला सांगायचं का. वहिनींचे थोरले भाऊ, म्हणजे एस्तेरचे मामा, म्हणाले, "काही सांगू नका. ऑनसाइट गेलाय म्हणा. आधी गेला होताच की." सगळ्यांना ते पटलं. इतकं सोयीचं खोटं आमच्यासारख्यांच्याच घरात सापडायचं. उद्या त्यांना शेजाऱ्यांकडे बसवायचं, दफनाला न्यायचंच नाही, असंही ठरलं. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या कशालाच हो किंवा नाही म्हणण्याच्या स्थितीत नव्हत्या. एस्तेर आईचा हात धरून होती. कुणी तिला विचारलं नाही.

मामांनी आप्पांना सांगितलं. आप्पा खूश झाले. "मागच्या खेपेला थंडी फार होती तिथं," म्हणाले.

संध्याकाळ झाली. आप्पांनी स्वतःहून तोंड धुतलं, केस विंचरले, चष्मा पुसला, आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसले. व्हिडिओच्या वेळी ते तिथंच बसायचे. आप्पा म्हणाले, "फोन लावा की. सुहासची वेळ झाली."

"आज नेट बंद आहे, आप्पा," मामा म्हणाले.

"येईल. मी थांबतो."

ते थांबले. कुणी खाणं पुढं केलं तर म्हणाले, फोन झाल्यावर. कुणी आत चला म्हटलं तर म्हणाले, तो आला आणि मी दिसलो नाही तर काळजी करत बसेल. काळ्या पडद्याकडे तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसलेला तो म्हातारा मला बघवेना. खोटं पचेल म्हणून सांगितलं होतं. सगळं विसरणारा माणूस नेमकं तेवढंच धरून बसला होता.

खुर्ची ओढल्याचा आवाज आला. एस्तेर होती. मामा पुढं झाले, "अगं, नको," म्हणाले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. आप्पांच्या शेजारी बसली, त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आप्पा, फोन येणार नाही. पप्पा वारले. आज सकाळी."

"कोण वारलं?"

"पप्पा. तुमचा सुहास."

आप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग आमच्या सगळ्यांकडे. कुणीतरी नाही म्हणेल म्हणून ते एकेक तोंड बघत होते. माझ्या तोंडावर त्यांची नजर आली तेव्हा मी खाली बघितलं. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो रडण्याचाही नव्हता. एस्तेर उठली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "मी होतो का तिथं?"

"अजून झालं नाही, आप्पा. उद्या आहे. तुम्ही येणार आहात."

मामा तिला बाजूला घेऊन म्हणाले, वेड लागलंय का तुला, ह्या वयात मुलाला मातीत जाताना दाखवणार? पोरीचा आवाज साफ होता. "मामा, ते आता मरेपर्यंत मला विचारणार आहेत, मी होतो का तिथं म्हणून. उद्या तुम्ही त्यांना शेजारी बसवलंत तर मी काय सांगू? एकदा सोडलं तर पप्पांनी त्यांना कधी खोटं सांगितलं नाही."

कोपऱ्यात माल्याची सोनाबाई बसली होती. ती म्हणाली, "पोरगी बराबर बोलतीया. बापाला न्या. माती द्यायचा हक त्येचा हाय."

दुसऱ्या दिवशी दाढी कुणी करायची हा प्रश्नही आला नाही. वहिनी उठल्या, पहिल्यांदाच जागेवरून उठल्या, आणि गॅलरीत खुर्ची टाकून त्यांनी सासऱ्यांची दाढी केली. मी आणि नेहानं आप्पांना मधे धरून गाडीतून नेलं. गाडी सुहासचीच, एस्तेर चालवत होती. चावी लावून ती क्षणभर थांबली, पण डोळे तिनं मिटले नाहीत.

मंडळीनं गाणी म्हटली. इतकी सुरात म्हटली की मला रडू फुटलं. खड्ड्याच्या कडेला उभं असताना आप्पांनी माझी बाही ओढली आणि कानाशी येऊन विचारलं, "कुणाचा हो मुलगा?" पलीकडून एस्तेर म्हणाली, "तुमचा, आप्पा." पाळकांनी खूण केली. तिनं वाकून माती उचलली, त्यांच्या मुठीत दिली. ती मूठ त्यांनी बराच वेळ उघडली नाही. सगळे थांबले. मग त्यांनी उघडली.

नंतर एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. तसं काही काम नव्हतं. वहिनी चर्चला निघायच्या तयारीत होत्या, एस्तेर केस विंचरत होती, आप्पा दाढी होऊन कोट घालून बसलेले. मला बघून हसले, ओळखलं असावं. मग खोलीभर नजर फिरवून म्हणाले, "सुहास कुठं राहिला?"

कंगवा ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्चीचा.

तिनं सांगितलं. तोच चेहरा, तेच पाणी. मी दारात उभा होतो, जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

"मी होतो का तिथं?"

"होतात आप्पा. पहिली माती तुम्हीच दिलीत."

"दिली ना मी?"

"दिलीत. मी शेजारी उभी होते. देशमुखकाकाही होते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, आणि मला बरं वाटलं, की मान हलवताना मला खोटं बोलावं लागत नव्हतं. त्यांचा श्वास हळूहळू खाली बसला. "चला, प्रार्थना करू या," म्हणाले, आणि त्यांनी डोळे मिटले. वहिनींनी मिटले, एस्तेरनं मिटले.

मी मिटले नाहीत. मी आप्पांच्या तोंडाकडे बघत होतो. ओठ हलत होते. मधेच थांबले. मी एक पाऊल पुढं टाकलं. पुन्हा हलले. शेवटी ते "आमेन" म्हणाले, डोळे उघडले आणि मला इतक्या जवळ उभा बघून चकित झाले.

"उभे का?" त्यांनी विचारलं. "काही वाईट बातमी नाही ना? बसा की."

मी त्यांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि बसलो.